चिबडातल्या आमऱ्या

आधी बातमी सांगते, बाकीचं मागाहून. आपल्या वाशीम जिल्ह्यात रानटी ऑर्किड उगवतात! कोणाच्या हरितगृहात नाही, बंगल्याच्या गच्चीवर नाही. मालेगाव तालुक्यातल्या एका माळावर, गुडघाभर गवतात, चिखलात, गुरांच्या वाटेपासून दहा पावलांवर. मी पाहिली. पालथी पडून पाहिली, भिंगातून पाहिली, कोपरापर्यंत गाळ माखून घेतला, आणि तेव्हापासून घरात, ऑफिसात, भाजीवालीपाशी, जो भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. घरचे आता विषय निघाला की उठून जातात. म्हणून लिहायला बसले.

माझ्या लेखी ऑर्किड म्हणजे लग्नाच्या स्टेजवरची ती जांभळी, मेणासारखी दिसणारी फुलं. डेकोरेशनवाला त्यांचे वेगळे पैसे लावतो आणि मुलीची आई ते मुकाट्यानं देते. रानातलं ऑर्किड म्हणजे फार तर कास पठार. सह्याद्रीतल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत कास आहे. तिथं फुलं पाहायची तर तिकीट काढायचं, गाडी लांब लावायची, रांगेत चालायचं. इथून साताऱ्याला जायचं म्हणजे अख्खी रात्र प्रवासात. आणि आपल्याकडे काय? वाशीम म्हटलं की बालाजीचं मंदिर, वाकाटकांचं वत्सगुल्म, पोहरादेवी, सोयाबीन आणि नीती आयोगाची आकांक्षित जिल्ह्यांची यादी. फुलं पाहायला म्हणून कोणी वाशीमला आल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या कंपूत वनस्पतीशास्त्राच्या एक मॅडम आहेत. आता निवृत्त. त्या चालता चालता मध्येच वाकतात, काहीतरी तण उपटल्यासारखं करतात, बघतात, परत उभ्या राहतात, आणि आमच्या गप्पा तोवर पुढच्या खांबापर्यंत गेलेल्या असतात. पोळ्याच्या आसपास त्या सहज म्हणाल्या, "महालक्ष्म्या उठल्या की आमऱ्या बघायला जाऊ." आमरी म्हणजे ऑर्किड, हे त्यांनीच सांगितलं. आम्हाला वाटलं गंमत करतात. बँकेतली माझी मैत्रीण तर म्हणाली, "मॅडम, पासपोर्ट लागेल का?" मॅडमनी फक्त एवढंच सांगितलं, की जुने बूट घाला, पांढरं काही घालू नका, आणि ज्याला कंबर वाकवायची नसेल त्यानं येऊ नये.

रविवारी उजाडायच्या आत निघालो. मॅडम, मी, बँकवाली, तिचे यजमान (ते आमचे सगळ्यांचे भाऊजी) आणि मेडिकलचं दुकान चालवणारा आमचा एक वर्गमित्र. मालेगावात पोहे, त्यावर तर्री. पुढं मेडशीकडच्या रानाच्या बाजूला कुठंतरी डांबरी रस्ता सोडला. कुठं, ते सांगणार नाही. हे मॅडमचं बजावणं आहे आणि मला ते शंभर टक्के पटलं आहे: आमरीचा पत्ता सांगायचा नसतो. फोटो टाकायचा तर लोकेशन बंद करून टाकायचा. कंद उकरून नेणारे लोक फार दूर राहत नाहीत.

पांदणीनं चालत निघालो. दोन्हीकडं सोयाबीन, शेंगा भरत आलेल्या, तुरी अजून कोवळ्या. धुऱ्यावर तेरडा, कुर्डूचे गुलाबी तुरे. वावरं संपली, बरड लागलं, आणि बरडावर चढता चढता मॅडम थांबून म्हणाल्या, "इथं पावसाचा थेंब पडला की त्याला ठरवावं लागतं, कोणत्या समुद्रात जायचं ते." मला कळलं नाही. मग त्यांनी हातानं दाखवलं. या अंगाचं पाणी काटेपूर्णेत, काटेपूर्णा पूर्णेत, पूर्णा तापीत, तापी अरबी समुद्रात. त्या अंगाचं पाणी पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, आणि प्राणहितेतून गोदावरी धरून थेट बंगालच्या उपसागरात. म्हणजे वाशीमचा हा सगळा उंचवटा पावसाची वाटणी करणारा! आणि आम्ही शाळेत 'जिल्ह्यात मोठी नदी नाही' एवढंच पाठ केलं. काटेपूर्णेवर महानला धरण आहे, त्याचं पाणी अकोला पितं; त्या जलाशयाभोवतीचं काटेपूर्णा अभयारण्य १९८८ पासून आहे, थोडं अकोल्यात, थोडं आपल्यात, आणि चौशिंग्यासाठी त्याचं नाव आहे. हे सगळं मला तुकड्या-तुकड्यानं माहीत होतं. पायाखाली उतार जाणवत असताना ते एकदम जुळलं.

आणि मग ती जागा आली. लांबून काहीच नाही. सपाट, हिरवी, थोडी खोलगट. पाय ठेवला आणि पचाक! चिबड. ज्या जमिनीत नांगर चालत नाही, बैल फसतो, म्हणून शेतकरी तिला शिव्या देतो, ती चिबड. खाली काळ्या पाषाणाचा अखंड थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर वीतभर माती. पाण्याला खाली जायला वाट नाही, म्हणून आषाढापासून दसऱ्यापर्यंत ते तिथंच साचून झिरपत राहतं. उन्हाळ्यात याच जागेवर चालाल तर टाचेखाली दगड वाजेल. चार महिने दलदल, आठ महिने तवा. अशा ठिकाणी बाभूळ टिकत नाही, सागही टिकत नाही. मग जे टिकतं ते फार विचित्र आणि फार हुशार असतं.

ऑर्किडआधी मॅडमनी आम्हाला गुडघ्यावर बसवलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. पाण्याच्या पातळ पापुद्र्यावर बारीक पांढऱ्या गुंड्या उभ्या होत्या, एकेका काडीवर एकेक. ते गेंद, म्हणजे इरिओकॉलॉन. त्यांच्या मधूनमधून नखाएवढी निळसर जांभळी फुलं, पानं जवळजवळ नाहीतच. मी म्हटलं, किती नाजूक! मॅडम म्हणाल्या, "ती शिकारी आहे." युट्रिक्युलेरिया! कोकणात हिला सीतेची आसवं म्हणतात. चिखलाखाली तिच्या धाग्यांना टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून पोकळी करून ठेवते. दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव धडकला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार बंद. आत ओढण्याचा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात! या मातीत नत्र कमी, म्हणून ही सोय. मेडिकलवाला मित्र दोन पावलं मागं सरकला. खरंच सरकला.

आता आमरी. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तिच्यापासून हातभर अंतरावर उभे आहात, शोधा." आम्ही पाच मिनिटं नुसतं गवत पाहत होतो. भाऊजींना आधी दिसलं, आणि त्यांना दिसलं ते फूल नव्हे, पान. जमिनीला अगदी चिकटून पसरलेली दोन-तीन लांबट पानं, जाडसर, आणि प्रत्येकाच्या कडेनं बारीक पिवळी रेघ, इरकल लुगड्याला काठ असावा तशी. गवताचं कुठलंच पान असं काठ लेऊन बसत नाही. पानांच्या मधून वीतभर दांडा वर आलेला, आणि त्यावर दाटीवाटीनं पिवळी फुलं. हबेनेरिया मार्जिनाटा.

खरं सांगू? पहिल्या क्षणी "एवढंच?" असं तोंडावर आलं होतं. फूल करंगळीच्या नखाहून फार मोठं नाही. मग मॅडमनी गळ्यातलं भिंग काढून दिलं, दहापट दाखवणारं, आणि म्हणाल्या, "भिंग डोळ्याला लाव आणि डोकं खाली ने. फुलाला वर आणायचं नाही, आपण खाली जायचं."

मी खाली गेले.

अहो, काय होतं ते! वरच्या बाजूला हिरवी टोपी, तिच्या खाली दोन पिवळ्या पाकळ्या टेकलेल्या, आणि समोर ओठ. ऑर्किडच्या एका पाकळीला ओठच म्हणतात. तो तीन भागांत चिरलेला, मधला भाग सरळ खाली, बाजूचे दोन बाहेर वळलेले. सोनपिवळा रंग, पण सपाट नाही. उजेड पडला की त्यात बारीक कण चमकत होते. ओठाच्या मागं एक हिरवी नळी लोंबत होती, टोकाला थोडी फुगलेली. ती मधाची नळी. आणि ज्याला मी देठ समजत होते तो देठ नव्हताच, तो बीजकोश. आणि त्याला पीळ होता! धुणं पिळल्यावर कापडाला पडतो तो नव्हे, सावकाश, एका अंगानं, अर्धं वर्तुळ. मॅडमनी कारण सांगितलं. कळीत असताना हा ओठ वरच्या बाजूला असतो. फूल उमलायच्या आधी ते स्वतःला एकशेऐंशी अंशांत फिरवून घेतं, म्हणजे ओठ खाली येतो आणि येणाऱ्या किड्याला बसायला ओटा होतो. उमललेल्या प्रत्येक फुलात तो पीळ शिल्लक असतो. मी एकेका फुलाचा पीळ तपासत सुटले. प्रत्येकाला होता. बँकवाली म्हणाली, "आता माझी पाळी," मी भिंग दिलं नाही. ती चिडली. मग दिलं.

यापुढं जे मॅडमनी केलं ते मी कॉलेजात पाहिलं असतं तर कदाचित आज दुसऱ्याच नोकरीत असते. त्यांनी गवताची एक बारीक काडी तोडली आणि एका फुलाच्या मध्यभागी, अगदी हळू, आत सरकवली. बाहेर काढली तर काडीच्या टोकाला पिवळी गुठळी चिकटलेली. परागकण! पण सुटे नाहीत, पुडी बांधलेले, खाली देठ, देठाला चिकट बिल्ला. संध्याकाळी पतंग नळीतला मध प्यायला तोंड घालतो, बिल्ला त्याच्या तोंडाला, कधी डोळ्यालाच चिकटतो, आणि तो ही पुडी घेऊन पुढच्या फुलावर जातो. चार्ल्स डार्विननं अगदी हाच प्रयोग पेन्सिलीच्या टोकानं केला होता. त्याच्या बागेच्या आसपासच्या आमऱ्यांत ती पुडी आधी सरळ उभी असते आणि अर्ध्या मिनिटात वाकून आडवी होते, म्हणजे पुढच्या फुलात बरोबर गर्भमुखावर जाऊन आदळेल अशी. १८६२ मध्ये त्यानं ऑर्किडच्या परागीभवनावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास मादागास्करचं एक ऑर्किड त्याच्या हाती आलं, मधाची नळी जवळजवळ फूटभर. तो म्हणाला, एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथं असणारच. लोक हसले. तसल्या पतंगाला १९०३ मध्ये नाव मिळालं, तेव्हा डार्विनला जाऊन वीस वर्षं उलटून गेली होती.

आणि हे सगळं मी मालेगाव तालुक्यात, चिखलात कोपरं रोवून ऐकत होते. मला हसू आवरेना.

तेवढ्यात एक गुराखी काका आले. पाच माणसं शेपटं वर करून पालथी पडलेली पाहिल्यावर कोणीही थांबेल.

"काय हारपलं का बाई?"

"नाही काका, फूल बघतोय."

त्यांनी वाकून पाहिलं. "हे? हे त लय हाय इथं. ढोरं नाई खात याले." मग थोडं थांबून, "त्या झिऱ्यापाशी पांढरं बी हाय. उंच. ते पाहा ना."

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांना ते पांढरं हवंच होतं, आणि या वर्षी सापडत नव्हतं. काकांच्या मागं आम्ही सगळे. झिरा म्हणजे दगडाच्या फटीतून करंगळीएवढी धार. तिच्या खालच्या ओल्या गवतात, कमरेच्या जरा खाली येईल एवढ्या उंचीचे दांडे, त्यांवर विरळ पांढरी फुलं. हबेनेरिया कॉमेलिनीफोलिया. पानं आपल्या केन्याच्या पानांसारखी म्हणून ते नाव. हिचा ओठ तर विचारूच नका; तीन धाग्यांत फाटलेला, इतका बारीक की वाऱ्यानं थरथरतो. आणि मागची मधाची नळी फुलापेक्षा लांब! उन्हाकडं धरून पाहिलं तर नळीच्या तळाशी मधाची ओल चमकताना दिसते. मेडिकलवाला मित्र एरवी औषधांच्या एक्सपायरी डेट सोडून काही वाचत नाही. तो त्या नळीपाशी एवढा वेळ बसला की भाऊजींनी त्याला हाक मारून उठवलं.

इथंच ती मागणी आली जी येणारच होती. "मॅडम, एक रोप नेलं तर? गॅलरीत कुंडीत लावीन, रोज पाणी घालीन." बँकवालीनं विचारलं. मनातून मलाही हवं होतं. मॅडम रागावल्या नाहीत, खाली बसल्या आणि सुकत आलेला एक बीजकोश दाखवला. म्हणाल्या, यात हजारो बिया आहेत, आणि एकीतही अन्न नाही. ज्वारीच्या दाण्यात पिठाची शिदोरी असते, हरभऱ्यात असते. आमरीचं बी म्हणजे नुसती धूळ. वाऱ्यानं जाईल तिथं जाईल. पण रुजायचं तर मातीत ठरावीक बुरशी हवी. तिचे धागे बियात शिरतात, त्याला खाऊ घालतात, तेव्हा कुठं कोंब. हे नोएल बर्नार नावाच्या तरुण फ्रेंच माणसानं १८९९ मध्ये पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात शोधलं. तोवर युरोपातले श्रीमंत लोक हजारो रुपयांची झाडं जहाजानं मागवत होते, बियाही पेरत होते, आणि त्या का उगवत नाहीत म्हणून डोकं धरून बसत होते. डार्विननं तर एका आमरीच्या झाडावरच्या बियांचा हिशेब मांडला होता: एक लाख ८६ हजार ३००. सगळ्या रुजल्या तर त्या एका झाडाच्या पणतवंडांनी पृथ्वीवरची जमीन झाकून जाईल. जमीन झाकलेली नाही, यावरून बाकीच्यांचं काय होतं ते समजा.

"तुझ्या कुंडीत ही बुरशी नाही," मॅडम म्हणाल्या. "कंद जगेल एखादं वर्ष. मग संपेल." कंदाचंही एक आहे. दरवर्षी जुना कंद झिजतो आणि त्याच्या शेजारी नवा तयार होतो. कार्तिकात पान-दांडा सगळं वाळून जातं आणि मृगापर्यंत आमरी मातीखाली नुसती कंद होऊन असते. वरून पाहणाऱ्याला मोकळी जमीन. म्हणून उन्हाळ्यात कोणी येऊन "इथं काही नाही" म्हणत मुरुमासाठी जेसीबी लावतो, तेव्हा तो त्याच्या डोळ्यांपुरतं खरंच बोलत असतो. आणि कायद्याचं म्हणाल तर जगातलं प्रत्येक ऑर्किड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारात येतं, आणि अभयारण्यातून तर पानही उचलायचं नाही.

जेवायला एका मोहाच्या झाडाखाली बसलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. भाऊजींनी कुठून तरी व्हॅनिलाची बिस्किटं काढली. "ऑर्किड खाताय," मॅडम म्हणाल्या. व्हॅनिला हीसुद्धा ऑर्किडची वेल, मेक्सिकोकडची. रियुनियन बेटावर नेली तेव्हा तिला फुलं आली पण शेंग धरेना, कारण तिथं तिचा किडा नव्हता. १८४१ मध्ये एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीनं फुलात पराग लावायची युक्ती काढली, आणि आजही जगभर व्हॅनिलाची शेंग त्याच युक्तीनं, माणसाच्या हातानं धरवली जाते. बिस्किटात खरी व्हॅनिला असण्याची शक्यता फार कमी, हे मेडिकलवाल्यानं पाकीट वाचून जाहीर केलं. ठीक आहे.

काका आमच्यातलीच भाकर घेऊन बसले होते. त्यांनी मान वर करून फांदीकडं बोट दाखवलं. "हे बी तुमचंच का?" मोहाच्या फांदीला एक झाड बिलगलेलं, पट्ट्यासारखी जाड पानं दोन ओळींत, आणि दोरखंडाएवढी मुळं हवेत लोंबणारी. मी म्हटलं, बांडगूळ. मॅडम ताडकन उठल्या.

वांडा टेसेलाटा! हीपण आमरी, झाडावर राहणारी, आणि बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडात मूळ खुपसून रस ओढतं. ही फांदीवर फक्त बसते, भाडंही देत नाही आणि काही घेतही नाही. पाणी पावसातून, खत सालीवरच्या पालापाचोळ्यातून. फुलं उन्हाळ्याकडं येऊन गेलेली होती, आता धारा असलेल्या हिरव्या शेंगा धरल्या होत्या. पिवळट तपकिरी पाकळ्यांवर चौकटीचौकटीची नक्षी आणि जांभळा ओठ असं फूल असतं, आणि वास येतो, म्हणाल्या. काकांच्या आईकडं वातावर याची मुळी उगाळत. वैद्य लोक हिला रास्ना म्हणून वापरतात, जरी रास्ना या नावानं बाजारात दुसऱ्याही वनस्पती येतात. पण मला वेड लागलं ते मुळांनी. लोंबणारी मुळं राखाडी, चंदेरी, मेल्यासारखी. मॅडमनी पाण्याच्या बाटलीतून थोडी धार सोडली आणि आमच्या डोळ्यांदेखत ती मुळं हिरवी झाली! सेकंदात! मुळावर मेलेल्या पेशींचं जाड अस्तर असतं, कोरडं असताना त्यात हवा भरलेली म्हणून ते चंदेरी दिसतं. पाणी पडलं की ते शोषून घेतं, पारदर्शक होतं, आणि आतला हिरवा थर दिसायला लागतो. आम्ही पुन्हा पुन्हा पाणी टाकलं. काकांनीही टाकलं. "इतके वर्स पाहून रायलो," ते म्हणाले, "पण हे नव्हतं पाहिलं." आम्ही पिण्याचं पाणी त्यात संपवलं आणि परत येताना सगळ्यांचे घसे कोरडे.

मग मी विचारलं, हे कोणी लिहून ठेवलंय का? महाराष्ट्रात ऑर्किडच्या शंभराच्या वर जाती आहेत, तर आपल्या जिल्ह्यातल्या कुठं लिहिल्या आहेत? मॅडम हसल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुस्तक आहे, कांबळे आणि प्रधान यांचं, १९८८ चं; पण त्याचं नाव 'अकोला जिल्ह्याच्या वनस्पती' अशा अर्थाचं. तेव्हा वाशीम अकोल्यातच होतं. इंग्रजांच्या काळात वाशीम वेगळा जिल्हा होता, १९०५ मध्ये अकोल्यात गेला, १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या, वनस्पती मात्र अजून अकोल्याच्या पुस्तकात राहतात. मला याचा उगाच राग आला. आपल्या जिल्ह्याची वेगळी फुलांची वही का नसावी? आमच्या शाळांत मुलांना प्रकल्प म्हणून इंटरनेटवरचं डॅफोडिल चिकटवायला लावतात! गेंद कुठं आहे, आमरी कुठं आहे?

परतीला पाऊस आला, बारीक, तिरका. कास कोणाच्या डोक्यातही नव्हतं. कासला मी जाईन, नक्की जाईन, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तिथं फूल शोधावं लागत नाही, ते सगळीकडं असतं आणि माणसंही सगळीकडं. इथं एक पिवळा दांडा दिसला की पुढचा दिसेपर्यंत जीव वरखाली होतो, आणि दिसला की आपण ओरडतो, आणि ओरडलं तरी ऐकायला फक्त म्हशी. मला हे जास्त आवडलं. उतरताना तर नजर अशी बसली होती की काठाचं पान चालता चालता दिसायला लागलं. जाताना ज्या वाटेनं आम्ही गप्पा मारत गेलो त्याच वाटेच्या कडेला ती उभी होती. दोन धुऱ्यांवर मात्र तणनाशक मारलेलं, गवत पिवळं जळालेलं. त्या पट्ट्यात शोधलं. नव्हती.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव आता 'आमरी' आहे, आधी 'गुड मॉर्निंग' होतं. भाऊजींनी भिंग मागवलं आहे, मीही मागवलं आहे, कारण बँकवालीशी रोज भांडणं परवडत नाही. आणि पुढचा बेत ठरला आहे. थंडीत, तळ्याकाठच्या ओल्या गवतात झ्युक्सिन स्ट्रॅट्युमॅटिका येते, बोटभर उंच, पांढरट फूल आणि पिवळा ओठ. खरी पाणथळीतली आमरी ती. तिला कोणाचाच किडा लागत नाही, परागाशिवाय बी धरते, बी टाकते आणि झाड मरून जातं. गवताच्या बियाण्यात मिसळून ती म्हणे आशियातून थेट अमेरिकेत गेली, १९३६ मध्ये फ्लोरिडात सापडली, आणि तिथं लोकांच्या अंगणातल्या हिरवळीत तण म्हणून उगवते. फ्लोरिडात तण! आमच्याकडं एकबुर्जी तलावाच्या काठापासून शोधायला सुरुवात करायची म्हणतोय. मॅडम म्हणाल्या, सापडेलच असं नाही, पण काठावरचं पाणी जरा उतरलं की लगेच निघायचं. भाऊजी दर दोन दिवसांनी तलावाचा फोटो टाकतात. पाणी अजून पायऱ्यांना लागलेलं आहे.